घरातल्या खोबरेलाचा साबण: गोव्यात पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

साबणाच्या कृती शोधायला बसलं की पहिल्याच ओळीत ऑलिव्ह ऑइल, शिया बटर, बदाम तेल अशी यादी समोर येते. गोव्यातल्या घरात यातलं सहसा काहीच नसतं. असतं ते खोबरेल, सूर्यफुलाचं रिफाइंड तेल, औषधांच्या फळीवर एरंडेलाची बाटली आणि गावाकडचं कुणी असेल तर भिरंडेलाचा, म्हणजे कोकमच्या बियांच्या घट्ट तेलाचा, एखादा गोळा. मग माणूस एकतर महागडी तेलं मागवतो, नाहीतर कृतीतलं एक तेल काढून त्या जागी घरातलं दुसरं घालतो आणि कॉस्टिक (तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा) मात्र लिहिलेलं तेवढंच ठेवतो. ही दुसरी गोष्ट धोक्याची आहे. खोबरेलाच्या कृतीत खोबरेलाऐवजी सूर्यफूल घातलं आणि कॉस्टिक तेच ठेवलं, तर साबणात मोकळं कॉस्टिक उरतं आणि तो कातडी जाळतो.

आहे त्या तेलात चांगला साबण होतो. एकट्या खोबरेलाचासुद्धा होतो. त्यासाठी दुसऱ्याची कृती पाठ करण्यापेक्षा आपल्या तेलाला किती कॉस्टिक लागतं हे काढता यायला हवं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या हिशोबाला दिली आहे. गुणाकार-बेरजेच्या पलीकडे त्यात काही नाही.

१. सामान जमवा

तेलाखेरीज हे लागेल:

- कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड), सीलबंद डब्यातला
- डिस्टिल्ड वॉटर
- एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा
- स्टीलचं खोल पातेलं
- जाड पॉलिप्रॉपिलीनचा मग किंवा डबा (बुडाला त्रिकोणात ५ आकडा असतो)
- स्टीलचा किंवा सिलिकॉनचा लांब दांड्याचा चमचा
- हँड ब्लेंडर, नसेल तर रवी
- रबरी हातमोजे, डोळे पूर्ण झाकणारा चष्मा, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, बंद चपला
- साचा

सोड्याच्या बाबतीत घोटाळा होतो. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा हे तीन वेगळे पदार्थ आहेत. पहिल्या दोघांनी साबण होत नाही. कॉस्टिक हार्डवेअरच्या किंवा केमिकलच्या दुकानात मिळतं. नळ आणि मोरी साफ करायची पावडर घेऊ नका, तिच्यात इतर रसायनं आणि कधीकधी ॲल्युमिनियमचे कणही असतात. सुटं, पिशवीत बांधून दिलेलं कॉस्टिकही नको. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडच्या हवेत ओलीला तोटा नाही. ओल धरलेलं कॉस्टिक वजनाला भरतं पण कामाला कमी पडतं, साबण तेलकट आणि मऊ राहतो. डब्यावर शुद्धता लिहिलेली असते, ९७ टक्के किंवा त्याहून जास्त असेल ते घ्या.

ॲल्युमिनियमचं पातेलं, डाव, ट्रे काहीही वापरू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. ब्लेंडरचा दांडा आणि पातं स्टीलचंच आहे ना, हेही बघा. तांब्या-पितळेची आणि नॉन-स्टिक भांडी बाजूला ठेवा. साबणाची भांडी एकदा ठरली की ती पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

पाणी विहिरीचं घेऊ नका. आपल्या जांभ्याच्या जमिनीत लोह भरपूर असतं आणि लोहाने साबण लवकर खवट होतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते साधं डिस्टिल्ड वॉटर हार्डवेअरमध्ये किंवा पेट्रोल पंपावर मिळतं. बाटलीवर ॲसिड असा शब्द नाही याची खात्री करून घ्या.

साचा विकत आणायची गरज नाही. श्रीखंडाचे किंवा आइस्क्रीमचे प्लास्टिकचे डबे उत्तम. सिलिकॉनचे केकचे साचे घरात असतील तर फारच बरं. करवंटीत साबण ओतायचा मोह गोव्यात प्रत्येकाला होतो, पण करवंटीच्या आतल्या धाग्यांना तो चिकटून बसतो आणि फोडून काढावा लागतो.

२. घरातली तेलं ओळखा

खोबरेल. आपला मुख्य आधार. त्यातल्या फॅटी ॲसिडांपैकी निम्म्याच्या आसपास एकटं लॉरिक ॲसिड असतं, म्हणून साबण टणक होतो, पांढराशुभ्र होतो आणि भरपूर फेस देतो. खाऱ्या पाण्यातसुद्धा फेस येतो, किनाऱ्याजवळ विहिरीला खारेपणा असलेल्या घरांना याचा उपयोग कळेल. पण हाच साबण अंगावरचं तेल ओरबाडूनही काढतो. उपाय सोपा आहे: कॉस्टिक कमी घालायचं, म्हणजे बरंचसं तेल साबणात तसंच मोकळं राहतं. त्याला सुपरफॅट म्हणतात. त्याबद्दल पुढे.

घाण्यावरून आणलेलं तेल असेल तर दोन दिवस हलवू नका, तळाशी गाळ बसू द्या आणि वरचं तेल फडक्यातून गाळून घ्या. घरी खोबऱ्याचं दूध आटवून काढलेलं तेल असेल तर त्यात पाण्याचा अंश उरलेला नाही ना ते बघा. मंद आचेवर तडतड आवाज येत असेल तर पाणी आहे.

एरंडेल. एकूण तेलाच्या ५ ते १० टक्के. फेस टिकतो, अंगावर मऊ लागतं. जास्त घातलं तर साबण चिकट होतो.

सूर्यफूल. साबणाला थोडा मऊपणा देतं, पण हे तेल हवेने लवकर खराब होतं. २० टक्क्यांच्या वर जाऊ नका, नाहीतर दोन-तीन महिन्यांत साबणावर नारिंगी ठिपके आणि जुन्या तेलाचा वास येतो. दमट हवेत तर आणखी लवकर. शेंगदाणा तेल किंवा तांदळाच्या कोंड्याचं तेल घरात असेल तर त्याला प्राधान्य द्या.

भिरंडेल. कोकमच्या बियांतून निघणारं घट्ट तेल. कोकणात खाली याला मुठेल म्हणतात. पायाच्या भेगांना लावायला आपल्याकडे ते पूर्वीपासून आहे. ते साधारण ३८ ते ४२ अंशांना वितळतं, त्यामुळे गोव्याच्या उन्हाळ्यातही घट्टच असतं. बाहेरचे लोक कोको बटर आणि शिया बटर ज्या कामासाठी घालतात, ते काम आपल्याकडे हे करतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा सोलं विकणाऱ्या बायकांकडे विचारून बघा. मिळालं तर ३० टक्क्यांपर्यंत घाला. मला विचाराल तर गोव्यात करायचा साबण तो हाच.

करंजेल आणि उंडीचं तेल. दोन्हींना उग्र वास. कुणाकडे असलंच तर ५ ते १० टक्क्यांच्या आत ठेवा. पहिल्या साबणात तर नकोच.

तळणीचं उरलेलं तेल. चवथीला नेवऱ्या तळून झाल्या की तेल उरतंच. त्याचा अंगाचा साबण करू नका, कपड्यांचा करा. बांगडे तळलेल्या तेलाचा वास तर कपड्यांच्या साबणातूनही जात नाही.

३. हिशोब करा

प्रत्येक तेलाच्या एका ग्रॅमचा पूर्ण साबण व्हायला किती ग्रॅम कॉस्टिक लागतं, तो आकडा ठरलेला आहे:

- खोबरेल: ०.१८३
- पामतेल: ०.१४२
- शेंगदाणा: ०.१३७
- सूर्यफूल: ०.१३५
- भिरंडेल: ०.१३५
- तीळ: ०.१३४
- तांदळाच्या कोंड्याचं: ०.१३३
- करंजेल: ०.१३०
- एरंडेल: ०.१२८

खोबरेलाचा आकडा बाकीच्यांपेक्षा किती पुढे आहे ते बघा. तेलांची अदलाबदल करताना याच कारणाने गोंधळ होतो.

आता सुपरफॅट, म्हणजे किती टक्के तेल मोकळं सोडायचं:

- फक्त खोबरेल: २० टक्के
- खोबरेल दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश: १२ टक्के
- खोबरेल साठ टक्क्यांच्या आसपास: ८ टक्के
- खोबरेल निम्म्याहून कमी: ५ टक्के
- कपड्यांचा साबण: ३ टक्के

एक उदाहरण पूर्ण सोडवू. घरात खोबरेल ४०० ग्रॅम, सूर्यफूल १०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम आहे.

४०० × ०.१८३ = ७३.२
१०० × ०.१३५ = १३.५
५० × ०.१२८ = ६.४
बेरीज = ९३.१ ग्रॅम

खोबरेल साधारण ७३ टक्के आहे, म्हणून सुपरफॅट १२ टक्के. म्हणजे ९३.१ च्या ८८ टक्के घ्यायचे: ९३.१ × ०.८८ = ८१.९. हा आकडा नेहमी खाली उतरवायचा, वर चढवायचा नाही. कॉस्टिक ८१ ग्रॅम.

पाणी कॉस्टिकच्या सव्वादोन पट: ८१ × २.२५ = १८२, म्हणजे १८० ग्रॅम धरा. अनुभवी लोक दुप्पटच घेतात, साबण लवकर वाळतो. नवख्याला थोडं जास्त पाणी बरं, हाताला वेळ मिळतो.

याच रीतीने काढलेल्या आणखी तीन कृती:

फक्त खोबरेल: खोबरेल ५०० ग्रॅम, कॉस्टिक ७३ ग्रॅम, पाणी १६५ ग्रॅम.

भिरंडेलाचा: खोबरेल ३००, भिरंडेल १५०, एरंडेल ५० ग्रॅम, कॉस्टिक ७५ ग्रॅम, पाणी १७० ग्रॅम.

कपड्यांचा: खोबरेल ३००, गाळलेलं तळणीचं सूर्यफूल तेल २०० ग्रॅम, कॉस्टिक ७९ ग्रॅम, पाणी १८० ग्रॅम.

कृती छापील असो वा माझ्या या, करण्याआधी कागदावर स्वतः एकदा काढून बघा. आणि सगळं वजनाने, तेलसुद्धा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ५०० ग्रॅम तेल नसतं. खोबरेल पाण्यापेक्षा हलकं असतं, अर्ध्या लिटरचं वजन ४६० ग्रॅमच्या आसपास भरतं. बाटली पाहून ५०० धरलं तर सुपरफॅटचा बराच वाटा तिथेच गेला.

४. जागा आणि वेळ

दोन तास कुणी मध्ये येणार नाही अशी वेळ धरा. मुलं, मांजर-कुत्रा बाहेर. पडवी किंवा उघड्या खिडकीजवळचा ओटा चांगला. ओट्यावर वर्तमानपत्रं पसरा. नळ हाताच्या अंतरावर असू द्या.

कॉस्टिक कातडीवर पडलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा आणि १५ ते २० मिनिटं धरून ठेवा. व्हिनेगर लावा असा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिसतो. कातडीवर व्हिनेगर लावू नका, त्याने उलट उष्णता निर्माण होते आणि पाण्याने धुण्याचा वेळ वाया जातो. सांडलेला ओटा पाण्याने पुसून झाल्यावर वरून व्हिनेगर फिरवायला हरकत नाही. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या ठेवून तेवढाच वेळ पाणी मारा आणि थेट दवाखाना गाठा. कुणाच्या पोटात गेलं तर ओकारी काढायला लावू नका, तोंड धुऊन १०८ ला फोन करा.

हे वाचून घाबरायला नको. मोजे आणि चष्मा शेवटपर्यंत काढला नाही तर हे काम उकळत्या तेलात वडे सोडण्याइतपतच जोखमीचं आहे.

५. कॉस्टिकचं पाणी

आधी पाणी मगात मोजा. दुसऱ्या कोरड्या भांड्यात कॉस्टिक मोजा. मग पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं घालत ढवळा. उलट कधीच नाही. कॉस्टिकवर पाणी ओतलं तर ते एकदम उसळून अंगावर येतं.

ढवळताना पाणी तापतं, ८०-९० अंशांपर्यंत जातं आणि घशाला लागणारी वाफ येते. तोंड बाजूला ठेवा. वाफ दोन मिनिटांत थांबते. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत किंवा पातळ प्लास्टिकच्या पेल्यात हे करू नका, उष्णतेने तो बसतो. काचेचं भांडंही नको, कॉस्टिक काच हळूहळू खातं आणि एक दिवस ती हातात तडकते.

मग बाजूला ठेवून ३५ ते ४० अंशांपर्यंत येऊ द्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये यायला तास-दीड तास लागतो. घाई असेल तर कॉस्टिकचा मग थंड पाण्याच्या टोपात उभा करा. मगावर ठळक अक्षरात नाव लिहा. दिसायला ते साधं पाणीच असतं.

६. तेलात मिसळणं

खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणून गोव्यात वर्षातले बहुतेक महिने ते पातळच असतं आणि तापवायची गरज नसते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी गोठलेलं असेल तर पातेलं कोमट पाण्यात ठेवलं की पुरे. भिरंडेल मात्र आधी मंद आचेवर पूर्ण वितळवा आणि मगच बाकीची तेलं त्यात घाला.

कॉस्टिकचं पाणी तेलात बारीक धारेने ओता. आधी चमच्याने ढवळा. मग ब्लेंडर तळाला टेकवून पाच-पाच सेकंद चालवा, मध्ये बंद ठेवून नुसतंच ढवळा. मिश्रण आधी धुरकट होतं, मग पिवळसर-पांढरं, मग जड. चमचा वर उचलून थेंबांची एक ओळ पृष्ठभागावर सोडा. ती लगेच बुडाली तर अजून हवं. क्षणभर वरच दिसत राहिली की झालं. याला ट्रेस म्हणतात. ब्लेंडरने तीन ते पाच मिनिटं, रवीने घुसळलं तर अर्धा-पाऊण तास.

भिरंडेल असताना एक फसवा ट्रेस येतो. मिश्रण थंड झालं की भिरंडेल नुसतंच गोठू लागतं आणि दाटपणा आल्यासारखं वाटतं, पण साबण धरलेला नसतो. ओतल्यावर तेल वर सुटतं. म्हणून या कृतीत तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही ४० ते ४२ अंशांवर असू द्या, आणि शंका आली तर पातेलं कोमट पाण्यात धरून पुन्हा घुसळा.

सुगंध घालायचा तर आता. गवती चहाचं किंवा लव्हेंडरचं तेल ५०० ग्रॅम तेलाला १० ग्रॅमपर्यंत. लवंगेचं तेल टाळा, ते कातडीला झोंबतं आणि मिश्रण पातेल्यातच घट्ट करतं. हळद घातली तर आधी लालसर दिसते. हळदीला क्षार लागला की असंच होतं, हळद-चुन्याचं कुंकू लाल होतं ते याच कारणाने. वाळताना साबणाचा रंग पिवळ्या-नारिंगीवर येतो आणि काही महिन्यांत फिकटतो. मोगरा, अबोली, झेंडू यांच्या ताज्या पाकळ्या घालू नका. दोन दिवसांत तपकिरी होतात आणि ओल धरून ठेवतात. नारळाचं दूधही पहिल्या खेपेला नको, ते कॉस्टिकने तापून करपतं.

७. साच्यात ओतणं आणि कापणं

डब्यात ओता, डबा दोन-तीनदा हलकेच आपटा म्हणजे हवा निघून जाईल, वर कागद झाका आणि सोडून द्या. मध्ये मिश्रण आपोआप तापतं आणि मधला भाग अर्धपारदर्शक दिसतो, त्यात काही बिघडलेलं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळायला सांगतात ते थंड प्रदेशांसाठी. आपल्याकडे खोबरेलाचा साबण गुंडाळला तर जास्त तापून मधून फुगतो आणि तडकतो.

इतर साबण दुसऱ्या दिवशी कापतात. नुसत्या खोबरेलाच्या साबणाला तेवढी सवड देऊ नका. सकाळी ओतला तर संध्याकाळपर्यंत तो इतका टणक होतो की सुरीखाली कडेने ढलपे उडतात आणि वडी तिरकी फुटते. चार तासांनी मोजे घालून बोटाने दाबून बघायला सुरुवात करा. घट्ट पनीरसारखा लागला, अजून कोमट असला, की लगेच कापा. साधारण चार ते आठ तासांत ती वेळ येते. म्हणून हा साबण रात्री करू नका, सकाळीच करा. सुट्या वड्यांचा सिलिकॉनचा साचा असेल तर ही धावपळच नाही. भिरंडेलाचा आणि मिश्र तेलांचा साबण बारा ते चोवीस तासांनी कापला तरी चालतो.

भांडी लगेच धुवायला घेऊ नका, त्यात कच्चा साबण असतो. एक दिवस तशीच ठेवली की चिकटलेलं सगळं साबण होतं आणि गरम पाण्याने निघतं.

८. वाळवणं, आणि गोव्याचा पाऊस

कापलेली वडी दिसायला तयार असते पण वापरायची नसते. कमीत कमी चार आठवडे, शक्यतो सहा. पहिल्या एक-दोन दिवसांत बहुतेक कॉस्टिक संपतं, बाकीचे आठवडे पाणी जाण्यासाठी आणि साबण सौम्य होण्यासाठी लागतात.

वड्या लाकडी फळीवर किंवा वेताच्या सुपात कागदावर मांडा, एकमेकींना चिकटवू नका, दर चार-पाच दिवसांनी उलटा. लोखंडी जाळीवर ठेवू नका, टेकलेल्या जागी नारिंगी डाग पडतात. उन्हात ठेवू नका. हवा खेळती हवी, बस.

हंगाम धरून केलात तर निम्मी डोकेदुखी वाचते. दिवाळीनंतर मार्चपर्यंत केलेला साबण उत्तम वाळतो. एप्रिलच्या अखेरीस शेवटचा घाणा करा, म्हणजे जूनच्या पावसाआधी तो तयार होतो. जून ते सप्टेंबर साबण करता येतच नाही असं नाही, पण वाळायला दुप्पट वेळ धरा आणि पंखा असलेल्या आतल्या खोलीत ठेवा.

पावसाळ्यात वड्यांवर घामासारखे थेंब येतात. साबण बिघडला, कॉस्टिक बाहेर आलं, असं वाटून लोक तो फेकून देतात. साबणात आपोआप तयार झालेलं ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं, तेच हे थेंब. सुती फडक्याने टिपा आणि पंख्याखाली ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत ओल अडकते. वाळलेला साबण कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा.

वाळला की नाही हे ठरवायला काटा वापरा. एक वडी खूण करून ठेवा आणि दर आठवड्याला वजन करून कागदावर मांडा. सुरुवातीला वजन भराभर उतरतं, मग सावकाश. दोन आठवडे वजन हललं नाही की वाळला. भर पावसात तेच वजन एखाद-दोन ग्रॅमने वाढलेलंही दिसेल, ती हवेतली ओल.

९. वापरण्याआधी तपासा

ओलं बोट वडीवर घासा आणि ते जिभेच्या टोकाला लावा. नुसती साबणाची चव आली तर ठीक. झटका बसल्यासारखं चुरचुरलं तर कॉस्टिक उरलंय. आठवडाभराने पुन्हा बघा. चार आठवड्यांनंतरही चुरचुरत असेल तर अंगाला लावू नका, मोजे घालून फरशी धुवायला वापरून संपवा आणि हिशोबाचा कागद पुन्हा तपासा.

पीएचच्या (आम्ल-क्षार दाखवणाऱ्या) पट्टीने बघत असाल तर ९ ते १० च्या आसपास येईल. तो कातडीसारखा साडेपाचवर आणायचा म्हणून लिंबू-व्हिनेगर घालायला जाऊ नका. तेल आणि कॉस्टिकचा खरा साबण क्षारीयच असतो, आम्ल घातलं तर तो मोडून पुन्हा तेलकट होतो.

१०. काही बिघडलं तर

साच्यात वर तेलाचा थर दिसला: ट्रेस पुरता आला नव्हता. काही तासांच्या आत असेल तर सगळं पातेल्यात काढून पुन्हा घुसळा, मोजे-चष्मा घालूनच.

वर पांढरी भुकटी: कॉस्टिक आणि हवा यांच्यापासून झालेला धुण्याचा सोडा. फडक्याने पुसून टाका, अपाय नाही.

नारिंगी ठिपके: तेल खवट होतंय. वास नसेल तर लवकर वापरून संपवा. पुढच्या खेपेला सूर्यफूल कमी करा आणि तेल ताजं घ्या.

साबण भुसभुशीत, कापताना चुरा: एकतर उशिरा कापला, नाहीतर कॉस्टिक जास्त झालं. जिभेची तपासणी केल्याशिवाय वापरू नका.

महिन्यानंतरही बोट रुतण्याइतका मऊ: कॉस्टिक ओल धरलेलं होतं किंवा सूर्यफूल-एरंडेल जास्त झालं. आणखी महिनाभर वाळवा.

दुसऱ्यांदा करताना एकच गोष्ट बदला, एक तेल किंवा एक प्रमाण. प्रत्येक घाण्याची तारीख, तेलांची वजनं, कॉस्टिक, पाणी आणि हवा कशी होती ते वहीत लिहा.

उरलेलं कॉस्टिक घट्ट झाकणाच्या मूळ डब्यातच, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कोरड्या फळीवर ठेवा. बरणीत काढून ठेवू नका, कुणाला ते मीठ वाटेल. पाण्यात कालवलेलं उरलं तर झाडांना किंवा विहिरीजवळ ओतू नका. भरपूर पाण्यात पातळ करून मोरीत सोडा.

शेजारी आणि नातेवाईक मागायला लागतील, तेव्हा वडीबरोबर चिठ्ठी द्या: कोणती तेलं, कोणता सुगंध, कधी केला. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला ते कळायला हवं. पैसे घेऊन विकायचा विचार आला तर आधी परवान्याचं बघा. अंगाचा साबण १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यात आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत येतो, घरगुती असला तरी विक्रीसाठी बनवायला परवाना लागतो. गोव्यात त्याची चौकशी बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करायची.